क्रॉसबिल कसा शोधावा: आधी शंकू, मग पक्षी

सह्याद्रीत पक्षी पाहायला शिकलेल्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही. हरियल पाहायचा असेल, तर हरियलाच्या मागे रानभर हिंडू नये. पिकलेला उंबर किंवा वड गाठावा आणि थोड्या अंतरावर शांत बसून राहावे. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत राहणारा क्रॉसबिल हा रंगीत फिंच (चिमणीसारखा, बिया खाणारा जाड चोचीचा पक्षी) शोधण्याची रीतही हीच आहे, फक्त उंबराच्या जागी स्प्रूस, हेमलॉक आणि पाइन या वृक्षांचे शंकू, म्हणजे खवल्यांच्या आड बिया असलेली त्यांची बोंडे, येतात. अडचण होते ती आपल्या दुसऱ्या एका सवयीमुळे. हिवाळ्यात भिगवणला गेले की पट्टकदंब दिसणार, अशी स्थळ आणि ऋतू यांची जोडी आपल्या मनात पक्की बसलेली असते, आणि क्रॉसबिल ही जोडी पाळत नाही. गेल्या जानेवारीत ज्या रस्त्यावर साठ पक्ष्यांचा थवा दिसला, त्याच रस्त्यावर या जानेवारीत एकही नसेल, कारण या वर्षी तिथल्या झाडांना शंकूच लागलेले नसतील.

हा लेख मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, म्हणजे टोरांटो, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, बॉस्टन या पट्ट्यात राहणाऱ्या आणि तिथून उत्तरेकडच्या जंगलांत जाऊ शकणाऱ्या वाचकांसाठी लिहिला आहे. हिमालयात जाणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे. पद्धत तिथेही तीच राहते.

पहिली पायरी: नेमके काय पाहायचे आहे

या भागात क्रॉसबिलच्या दोन जाती आढळतात. पहिली रेड क्रॉसबिल, शास्त्रीय नाव लॉक्सिया कर्व्हिरोस्ट्रा. तिची लांबी १४ ते २० सेंटिमीटर आणि वजन साधारण २४ ते ४५ ग्रॅम असते, म्हणजे पक्षी चिमणीएवढा किंवा तिच्यापेक्षा थोडा मोठा. प्रौढ नर विटकरी लाल असतो आणि त्याचे पंख गडद, पट्टे नसलेले असतात. मादी हिरवट पिवळी असते. नुकतेच उडू लागलेले पिल्लू तपकिरी आणि अंगभर रेघांचे असते. दुसरी जात व्हाइट-विंग्ड क्रॉसबिल; तिचा नर गुलाबीकडे झुकणारा असतो, चोच तुलनेने बारीक असते आणि गडद पंखांवर दोन ठळक पांढरे पट्टे असतात, जे मादी आणि पिल्लांतही दिसतात. क्वचित एखाद्या रेड क्रॉसबिलच्या पंखांवरही पुसट पट्टे आढळतात, म्हणून पट्टा आहे की नाही एवढेच न पाहता तो किती रुंद आणि किती पांढराशुभ्र आहे हे पाहावे.

रंगावर फार विसंबू नये, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. नराचा लाल रंग आहारातून मिळणाऱ्या रंगद्रव्यांपासून तयार होतो, त्यामुळे एकाच थव्यात लाल, नारिंगी आणि पिवळसर असे तिन्ही छटांचे नर असू शकतात. शिवाय पक्षी बहुतेक वेळा उंच झाडाच्या शेंड्यावर, आकाशाच्या उजेडासमोर बसलेला असतो आणि तिथे लाल रंगही काळाच दिसतो. म्हणून आकृती ओळखायला शिकावे: मोठे डोके, जाड मान, आखूड आणि मधोमध खाच असलेली शेपटी, आणि पोपटासारखी हालचाल. क्रॉसबिल फांदीवरून उड्या मारत जात नाही. चोचीने फांदी पकडून, पाय पुढे टाकून, प्रसंगी उलटा लटकून तो एका शंकूवरून दुसऱ्यावर जातो.

घोळ होण्याची शक्यता तीन पक्ष्यांशी असते. पाइन ग्रोसबीक बराच मोठा, लांब शेपटीचा, संथ आणि बोथट चोचीचा असतो. पर्पल फिंच आणि हाउस फिंच यांचे नरही लालसर असतात, पण त्यांची चोच सरळ, शंकूच्या आकाराची असते, आणि ते अन्न मिळवण्यासाठी बंद शंकू उघडत बसत नाहीत. महाराष्ट्रात हिवाळ्यात येणारा रोझफिंच ज्यांनी पाहिला आहे त्यांना पर्पल फिंच ओळखीचा वाटेल. क्रॉसबिल तसा वाटणार नाही.

दुसरी पायरी: चोचीचे काम समजून घेणे

ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग दुर्बिणीतून पाहत असूनही समोर काय चालले आहे ते त्यांना कळत नाही. क्रॉसबिलच्या चोचीचे वरचे आणि खालचे टोक एकमेकांना ओलांडून जाते, कात्रीची पाती बंद केल्यावर टोके एकमेकांपलीकडे गेली तर दिसतील तसे. आपल्याला पटकन अडकित्ता आठवतो, पण काम अगदी उलट आहे. अडकित्ता दोन बाजूंनी दाबून सुपारी फोडतो. क्रॉसबिल शंकूच्या दोन खवल्यांच्या फटीत चोचीचे टोक शिरवतो, खालचा जबडा बाजूला सरकवतो आणि पहारीने दगड उचकटावा तसे खवले एकमेकांपासून दूर करतो. फट पुरेशी रुंद झाली की लांब जीभ आत घालून बी उचलतो, टाळूवरच्या खाचेत धरून ते सोलतो आणि साल व बीला चिकटलेला पातळ पंख खाली टाकून देतो. सगळे काही सेकंदांत उरकते. व्हाइट-विंग्ड क्रॉसबिल अशा रीतीने दिवसाला ३,००० पर्यंत बिया खाऊ शकतो.

पिल्ले सरळ चोच घेऊनच जन्माला येतात. घरटे सोडण्याच्या सुमारास आणि त्यानंतर टोके हळूहळू एकमेकांना ओलांडू लागतात. त्यामुळे सरळ चोचीचे रेघाळ पिल्लू दिसले, तर ते दुसऱ्याच जातीचे आहे असे समजू नये. ही वाकडी टोके खरोखर किती उपयोगाची आहेत हे पक्षिशास्त्रज्ञ क्रेग बेंकमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले. पिंजऱ्यातल्या क्रॉसबिलांच्या चोचीची एकमेकांना ओलांडणारी टोके त्यांनी कापली (आपण नखे कापतो तसे, त्यात इजा नसते). पक्ष्यांना उघडलेल्या शंकूंतून बिया काढता येत राहिल्या, पण बंद शंकू उघडणे जमेना. टोके पुन्हा वाढत गेली तसतसे ते कौशल्य परतले. इतर बीभक्षक पक्षी शंकू उघडण्याची वाट पाहत बसतात, आणि क्रॉसबिल बंद शंकूवरही जगू शकतो. त्याची भटकंती आणि त्याची वेळी-अवेळी होणारी वीण या दोन्हींचे मूळ इथे आहे.

पुढे प्रत्यक्ष पाहताना एक गंमत नोंदवता येते. काही पक्ष्यांचा खालचा जबडा उजवीकडे वळलेला असतो, काहींचा डावीकडे. रेड क्रॉसबिलमध्ये दोन्हींचे प्रमाण जवळपास सारखे असते, तर व्हाइट-विंग्डमध्ये उजवीकडे वळलेले पक्षी साधारण तिप्पट असतात. चांगल्या छायाचित्रांवरून ही मोजणी घरी बसूनही करता येते.

तिसरी पायरी: झाडे ओळखणे

माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. पक्ष्यांच्या पुस्तकाबरोबर झाडांचे पुस्तकही हाती घ्यावे आणि किमान सहा वृक्ष लांबून ओळखता येतील इतका सराव करावा.

व्हाइट स्प्रूसचे शंकू बोटभर लांब, खाली लोंबणारे आणि पातळ, लवचिक खवल्यांचे असतात. ते उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात आणि शरदात बहुतेक बिया गळून जातात. ब्लॅक स्प्रूस दलदलीच्या जागी वाढतो. त्याचे छोटे गोल शंकू शेंड्याजवळ घट्ट गुच्छांत असतात आणि ते काही वर्षे झाडावर टिकून थोड्या थोड्या बिया सोडत राहतात, त्यामुळे बाकी सर्वत्र दुष्काळ असला तरी या झाडावर काहीतरी शिल्लक असते. ईस्टर्न हेमलॉकचे शंकू जेमतेम द्राक्षाएवढे असतात, पण ते हिवाळाभर बिया धरून ठेवतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत हेमलॉक प्रथम पाहावा. व्हाइट पाइनचे शंकू लांब आणि किंचित वाकलेले असतात, पण त्यांच्या बिया सप्टेंबरच्या आसपास मोठ्या प्रमाणात गळून जातात, म्हणून त्यांचा हंगाम थोडक्यात संपतो. रेड पाइनचे अंड्याच्या आकाराचे शंकू हिवाळ्यातही उपयोगी पडतात. टॅमॅरॅक हा शरदात सुया पिवळ्या करून गाळणारा लार्च वृक्ष व्हाइट-विंग्ड क्रॉसबिलला विशेष प्रिय असतो.

बाल्सम फरबद्दल एक सावधगिरी. त्याचे शंकू फांदीवर मेणबत्त्यांसारखे ताठ उभे असतात, ऑगस्टमध्ये झाड भरलेले पाहून मन हरखून जाते, आणि मग शरदात ते शंकू झाडावरच खवले-खवले होऊन विखुरतात. हिवाळ्यात तिथे फक्त मधल्या काड्या उभ्या राहिलेल्या दिसतात. त्या भरवशावर डिसेंबरची सहल आखू नये.

आता पीक कसे जोखायचे ते पाहू. सूचिपर्णी वृक्ष दरवर्षी सारखे फळत नाहीत. काही वर्षे रिकामी जातात आणि मग एखाद्या वर्षी शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यातले वृक्ष एकदम लगडतात. आंब्याला एक वर्ष मोहोर भरघोस आणि दुसऱ्या वर्षी कमी, असे कोकणात म्हणतात त्याची ही मोठी आवृत्ती समजावी. झाडापासून थोडे दूर उभे राहून दुर्बिणीने त्याचा वरचा एक तृतीयांश भाग पाहावा, कारण स्प्रूसचे बहुतेक शंकू तिथेच असतात. एकाच झाडावरून निष्कर्ष न काढता रस्त्याच्या कडेने किमान वीस झाडे पाहावीत आणि 'नाही, तुरळक, बरे, भरघोस' अशा साध्या चार शब्दांत नोंद करावी. शंकू पिकले की उघडले, हेही लिहावे, कारण उघडून रिकामे झालेले जुने शंकू लांबून तितकेच भरघोस दिसतात. जुना शंकू राखाडी, विस्कटलेला आणि हलका असतो. चालू वर्षाचा शंकू घट्ट, तपकिरी आणि बहुधा चिकाने चमकणारा असतो.

पाइनच्या बाबतीत एक सोय आहे. स्प्रूसचा शंकू एकाच हंगामात तयार होतो, पण व्हाइट पाइन आणि रेड पाइन यांच्या शंकूंना परागीभवनानंतर पिकायला दुसरा उन्हाळा लागतो. त्यामुळे यंदा फांदीच्या टोकाला बोराएवढे कोवळे शंकू दिसले, तर पुढच्या वर्षाच्या पिकाचा अंदाज आजच बांधता येतो. वहीत ते लिहून ठेवावे. मनात लक्षात राहत नाही.

चौथी पायरी: वर्षाचे गणित

क्रॉसबिल हा 'हिवाळी पाहुणा' आहे ही समजूत अर्धवट आहे. नवे शंकू झाडावर आकार घेऊ लागतात तो काळ मेअखेर ते जुलै, आणि थवे नव्या पिकाच्या शोधात बाहेर पडतात तेही तेव्हाच. युरोपातही क्रॉसबिलांच्या लाटा बहुधा जून-जुलैमध्ये सुरू होतात. तिथे हा अनुभव जुना आहे: इंग्लंडमधील भिक्षू आणि इतिहासकार मॅथ्यू पॅरिस याने १२५१ साली तिरक्या चोचीचे पक्षी सफरचंदाच्या बागांत उतरून गर टाकून बिया खात असल्याची नोंद करून ठेवली आहे. पीक कुठेच नसेल तेव्हा पक्षी किती लांब आणि किती परक्या अन्नापर्यंत जातात, याचे ते उदाहरण.

म्हणून जुलैमध्ये एक फेरी, सप्टेंबरअखेर दुसरी आणि जानेवारी ते मार्च यांत तिसरी, अशी आखणी करावी. पूर्व उत्तर अमेरिकेसाठी दरवर्षी शरदाच्या तोंडावर 'विंटर फिंच फोरकास्ट', म्हणजे हिवाळ्यात फिंच कुठे जातील याचा अंदाज, प्रसिद्ध होतो. ऑन्टॅरियोतील रॉन पिट्टावे यांनी तो १९९९ पासून सुरू केला आणि २०२० पासून टायलर होअर तो तयार करतात. कोणत्या भागात कोणत्या वृक्षाचे पीक कसे आहे हे त्यात तपशीलाने दिलेले असते. वाचताना पक्ष्याच्या नावाखालचा परिच्छेद वाचून थांबू नये. झाडांचा भाग आधी वाचावा आणि आपल्या प्रवासाच्या टप्प्यातील वृक्षांशी तो जुळवून पाहावा. त्यानंतर ई-बर्ड या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या संकेतस्थळाच्या नकाशावर गेल्या दोन आठवड्यांच्या नोंदी पाहाव्यात. क्रॉसबिलच्या बाबतीत महिन्याभरापूर्वीची नोंद शिळी समजावी.

पाचवी पायरी: जागा आणि वेळ

टोरांटोहून मोटारीने सुमारे तीन तासांवर असलेले अल्गॉन्क्विन प्रोव्हिन्शियल पार्क हे सुरुवात करण्यासाठी उत्तम ठिकाण आहे. त्यातून जाणारा हायवे ६०, ओपिओंगो रोड आणि स्प्रूस बॉगची लाकडी पायवाट या तीन जागी बर्फातही चालता-थांबता येते. न्यूयॉर्ककडच्या वाचकांनी ॲडिरॉन्डॅक पर्वतराजी निवडावी, मिनेसोटात असणाऱ्यांनी सॅक्स-झिम बॉग हा दलदलीचा भाग. बॉस्टनजवळच्या सॉल्सबरी बीचवर समुद्रकाठच्या पाइन वृक्षांत क्रॉसबिल अनेकदा आढळले आहेत, आणि तिथे झाडे ठेंगणी असल्याने पक्षी डोळ्यांच्या पातळीवर दिसतो, हा फार मोठा फायदा. थव्यांची लाट आली असेल त्या वर्षी जंगलापर्यंत जाण्याचीही गरज पडत नाही. गावातील जुनी दफनभूमी, विद्यापीठाचे आवार किंवा उद्यान, जिथे नॉर्वे स्प्रूस लावलेले असतील, तिथे आधी डोकावावे.

सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास सर्वांत चांगले. या वेळी क्रॉसबिल रस्त्यावरही उतरतात. बिया दळण्यासाठी त्यांना बारीक खडी लागते आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठही ते चाटतात. नेमके याच कारणाने कित्येक पक्षी गाड्यांखाली मरतात. जंगलातल्या रस्त्यावर समोर लहान पक्ष्यांचा घोळका दिसला, तर वेग कमी करून मागून येणाऱ्याला इशारा द्यावा, गाडी कडेला सुरक्षित थांबवावी आणि काच खाली करून आतूनच पाहावे. गाडीच्या आडोशाने पक्षी माणसाला फारसे बुजत नाहीत. दार उघडले की थवा उठतो.

उणे २० अंशांत दुर्बिणीपेक्षा बॅटरी लवकर हार मानते. कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी आणि फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवावेत. दुर्बिणीवर श्वास सोडू नये, कारण काचेवर दव गोठते आणि ते पुसण्यात पक्षी निघून जातो.

सहावी पायरी: कान आणि जमीन

पहिली खूण बहुधा आवाजाची मिळते. रेड क्रॉसबिल उडताना 'जिप-जिप, जिप-जिप' असा कडक, तुटक आवाज काढतो. व्हाइट-विंग्डचा आवाज कोरडा, भरभर कुडकुडणारा असतो, आणि मधूनच पत्र्याच्या पिपाणीसारखा एक चढता सूर येतो. उडत जाणाऱ्या थव्याच्या दिशेकडे पाहावे आणि तो कुठे उतरतो ते ठरवावे, कारण उतरल्यावर थवा एकदम गप्प होतो. वीस पक्षी एका झाडावर असूनही खालून काही ऐकू येत नाही, ऐकू येते ती फक्त खवले आणि बियांचे पंख बर्फावर पडण्याची बारीक टपटप. वारा पडलेला असेल तर ही टपटपच सर्वांत भरवशाची खूण आहे.

झाडाखालची जमीनही वाचता यावी. खार शंकूचे खवले एकेक करून कुरतडते आणि मागे केवळ मधला दांडा व खवल्यांचा ढीग उरतो. क्रॉसबिलने हाताळलेल्या शंकूत खवले बहुतेक जागच्या जागी असतात, पण ते उभे चिरलेले, पिंजल्यासारखे दिसतात. बर्फावर पसरलेले ताजे, तपकिरी, पातळ पंख दिसले आणि त्यांवर नवा बर्फ नसेल, तर पक्षी त्याच सकाळी तिथे होते. अशा झाडाजवळ अर्धा तास थांबावे. थवे दिवसभरात त्याच काही झाडांवर फिरून परत येतात.

सातवी पायरी: आवाज टिपून ठेवणे

रेड क्रॉसबिलच्या अभ्यासात आवाजाला जितके महत्त्व आहे तितके फार थोड्या पक्ष्यांच्या बाबतीत असेल. पक्षिशास्त्रज्ञ जेफ्री ग्रॉथ यांनी १९९३ मध्ये उत्तर अमेरिकेतील रेड क्रॉसबिलचे उड्डाणस्वरांवरून आठ प्रकार दाखवून दिले. प्रत्येक प्रकाराच्या चोचीचा आकारही थोडा वेगळा असतो आणि तो एखाद्या ठरावीक वृक्षाच्या शंकूशी जुळतो: प्रकार २ पाँडेरोसा पाइनशी, प्रकार ३ वेस्टर्न हेमलॉकशी, प्रकार ४ डग्लस फरशी. पुढे ही संख्या बारापर्यंत गेली. त्यांतील प्रकार ९ हा अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील साउथ हिल्स आणि आल्बियन डोंगरांपुरताच राहणारा. तिथे शंकू पळवणाऱ्या खारी नसल्यामुळे लॉजपोल पाइन आणि क्रॉसबिल यांची एकमेकांशीच चढाओढ चालली; शंकूचे खवले जाड होत गेले आणि चोचही मोठी होत गेली. २०१७ मध्ये त्याला कॅसिया क्रॉसबिल ही स्वतंत्र जात मानण्यात आले आणि त्याच्या शास्त्रीय नावाचा, लॉक्सिया साइनस्क्युरिसचा, अर्थच 'खारींविना' असा आहे. न्यूफाउंडलंड बेटावर नेमके उलट घडले. तिथे मुळात खारी नव्हत्या. १९६३ मध्ये माणसाने त्या आणल्या, आणि तिथल्या क्रॉसबिलांच्या घसरणीमागे ही स्पर्धा हे एक मुख्य कारण मानले जाते.

डोळ्यांनी हे प्रकार वेगळे करता येत नाहीत, म्हणून आपल्या फोनवरचे साधे ध्वनिमुद्रणही उपयोगी ठरते. पद्धत अशी ठेवावी. मुद्रण शक्यतो वेव्ह स्वरूपात करावे. आवाज आक्रसून साठवणाऱ्या स्वरूपात बारकावे हरवतात. पक्षी उडण्याआधीच बटण दाबावे, कारण ओळख ठरते ती मुख्यतः उड्डाणस्वरावर आणि थवा उठल्यावर फोन शोधण्यात तो क्षण जातो. फोन स्थिर धरावा, जाकिटाची सरसर होऊ देऊ नये, आणि किमान तीस सेकंद मुद्रण चालू ठेवावे. शेवटी स्वतःच्या आवाजात जागा, वेळ, पक्ष्यांची अंदाजे संख्या आणि ते कोणत्या झाडावर खात होते हे बोलावे. आवाजावरून पक्षी ओळखणारे मर्लिनसारखे ॲप जात सांगेल, प्रकार सांगणार नाही. मुद्रण ई-बर्डच्या यादीला जोडावे. त्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा आलेख, पाहून फिंच रिसर्च नेटवर्कमधील जाणकार प्रकार ओळखण्यास मदत करतात. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत आता प्रकार १२ वारंवार आढळतो, तरी तो गृहीत धरून नोंद करू नये. प्रकार ठरला नाही तर 'रेड क्रॉसबिल' एवढीच नोंद प्रामाणिक असते.

आठवी पायरी: घरटे असेल तर मागे फिरणे

शंकूंचे पीक भरपूर असेल, तर क्रॉसबिल वर्षातील जवळजवळ कोणत्याही महिन्यात वीण करतो, अगदी जानेवारी-फेब्रुवारीच्या कडाक्यातही. मादी साधारण तीन ते चार अंडी घालते, ती १२ ते १६ दिवस उबवते आणि त्या काळात नर तिला घरट्यावरच भरवतो. घरटे दाट फांद्यांत, काटक्यांचे आणि आतून गवत, पिसे व लाइकेन यांनी मऊ केलेले असते. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वनस्पतीसदृश शेवाळ-बुरशीची जोडी. शेंड्यावर बसून एखादा नर एकसारखा गात असेल, नर मादीला भरवत असेल किंवा कुणी चोचीत काटकी घेऊन जात असेल, तर आपण घरट्याच्या टापूत आलो आहोत असे समजून किमान पन्नास पावले मागे जावे. उणे तापमानात मादी काही मिनिटे अंड्यांवरून उठली तरी अंडी गारठतात.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावण्याचा मोह टाळावा. विणीच्या काळात तर तो वाजवूच नये. छायाचित्र घेताना बर्फाच्या पांढरेपणामुळे कॅमेरा चित्र काळपट करतो, म्हणून एक्स्पोजर साधारण दोन तृतीयांश ते एक स्टॉपने वाढवावे, आणि सूर्य पाठीशी ठेवून पक्षी खालच्या फांदीवर येण्याची वाट पाहावी.

घराच्या अंगणात दाणे ठेवून क्रॉसबिल येईल, ही आशा फारशी ठेवू नये. सूर्यफुलाच्या बियांवर तो क्वचितच येतो. ज्यांच्याकडे दाण्यांची भांडी आहेत त्यांनी ती धुऊन वाळवून पुन्हा लावत राहावे, कारण २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन या त्याच्या नातलग फिंचांत साल्मोनेला या जिवाणूची साथ पसरली तेव्हा गर्दीची, अस्वच्छ भांडी हे तिच्या फैलावाचे एक मोठे कारण होते.

हिमालयात शोधायचा असेल तर

रेड क्रॉसबिलची एक लहान चणीची उपजात हिमालयात राहते. हिमाचल प्रदेशापासून पूर्वेकडे, साधारण २,७०० ते ४,००० मीटर उंचीवरील स्प्रूस, फर आणि विशेषतः हेमलॉकच्या जंगलात तिचा वावर असतो. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक गिर्यारोहक याच पट्ट्यातून जातात आणि बहुतेकांची नजर बर्फाच्या शिखरांवर असते. त्यांनी फक्त एवढा बदल करावा: तळ-छावणीकडे जाण्याच्या वाटेवर जिथे पानझडी झाडी संपून सूचिपर्णी जंगल सुरू होते, तिथे सकाळचा एक तास राखून ठेवावा. देवदाराच्या मोठ्या, ताठ उभ्या शंकूंकडे फार वेळ घालवू नये. हेमलॉकचे बारीक शंकू लागलेली झाडे शोधावीत, त्यांच्याखाली थांबून 'जिप-जिप' ऐकावे आणि जमिनीवर पिंजलेले शंकू आहेत का ते पाहावे.

सिक्कीममधील लाचुंग-युमथांग खोऱ्यासारख्या भागात जाण्यासाठी परवाना लागतो, त्यामुळे एका मुक्कामाऐवजी सलग दोन मुक्काम त्याच उंचीवर मिळतील अशी व्यवस्था आधीच करून घ्यावी. उंचीवर पहिल्या दिवशी दम लागलेला असतो आणि मान वर करून शेंडे न्याहाळणे जड जाते, म्हणून पक्ष्यांची खरी सकाळ दुसऱ्या दिवसाची धरावी. पक्षी दिसो वा न दिसो, कोणत्या झाडाला किती शंकू होते, ते बंद होते की उघडे, आणि उंची किती होती, एवढे तीन तपशील नोंदीत लिहावेत. पुढच्या वर्षी त्याच वाटेने जाणाऱ्याला कोणत्या वळणावर थांबायचे हे त्यावरूनच ठरवता येईल.